उलट्या तोंडाच्या होड्या

१

घडी केलेल्या शालीच्या आत फोन वाजत होता.

शाल पिकल्या लिंबाच्या रंगाची. धक्क्याच्या दगडी पायऱ्यांवर ती कुणीतरी नीट चौकोनी घडी घालून ठेवली होती, आणि तिच्याखाली जाड तळव्यांच्या चपलांचा एक जोड होता. फोन लावणारा माणूस स्वतःचा फोन कानाशी धरून पायऱ्या उतरत आला, शेवटच्या वळणाशी थबकला आणि तसाच उभा राहिला. वाजणारा फोन त्याच्या आईचा होता. शाल आईची होती. चपला तर त्यानेच मुद्दाम मापं देऊन बनवून घेतल्या होत्या.

आई मात्र कुठेच नव्हती.

समोर नुसतं पाणी होतं. ओहोटीचं, आळसावलेलं, दुपारच्या उन्हात काचेसारखं चकाकणारं. त्यावर नांगरलेल्या होड्या झोपेत असल्यासारख्या डुलत होत्या. पलीकडच्या किनाऱ्यावरची बैठी कौलारू घरं धुक्याच्या पातळ पडद्याआड विरघळत चालली होती.

"आई!" तो ओरडला. किल्ल्याच्या भिंतीवरून तीच हाक परत आली, आणि कबुतरांचा एक थवा उडाला.

वर तटावर उभ्या असलेल्या फौजदारबाईंनी ती हाक ऐकली मात्र, नोकरी सोडून वर्ष उलटलं होतं हे विसरून त्या जिन्याकडे धावल्या.

फौजदारबाई आणि त्यांचे यजमान या जुन्या बंदराच्या गावी सहलीला आले होते. यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. बाईंना निवृत्तीनंतर घर खायला उठलं होतं. सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न रोज नव्याने समोर उभा राही. शेवटी मास्तर म्हणाले, "चल, समुद्र बघून येऊ. तू बस, मी रंगवतो." बाईंना बसणं कधी जमलं नव्हतं, तरी त्या आल्या.

सहलीच्या छोट्या गाडीत त्यांच्याबरोबर आणखी एक कुटुंब होतं. दातांचे एक डॉक्टर, त्यांची बायको आणि आई. आई ठेंगणी, चिमणीसारखी, सत्तरीच्या घरातली. पहिल्याच दिवशी गाडीतले सगळे तिला माई म्हणू लागले. डॉक्टरांचा आईवर विलक्षण जीव. "आई, तू बस. आई, पायरी बघ. आई, ते मला दे, मी धरतो." माई हसायची आणि बसायची. तिचा फोन कुठे आहे ते डॉक्टरांना त्यांच्या फोनवर दिसायचं, नकाशावर निळा ठिपका होऊन. सूनबाई उंच, सडसडीत, कमी बोलणारी. आणि सहावा गाइड, तोंडाचा पट्टा कधी न थांबणारा तरुण. एवढाच गोतावळा.

फौजदारबाई धापा टाकत खाली पोचल्या तेव्हा डॉक्टर चपलांपाशी गुडघ्यांवर बसले होते. सूनबाई वरच्या पायरीवर होती, चेहरा पांढराफटक.

"त्या म्हणाल्या, जरा पाण्यात पाय भिजवते, तू हो पुढे," ती पुटपुटली. "मी पुढे आले."

"आणि तू आलीस?" डॉक्टरांचा आवाज चिरकला. "पोहता येत नाही तिला, माहीत आहे ना तुला?"

गाइड पाण्याकडे बघत होता. गोळा झालेले चारदोन बघे पाण्याकडे बघत होते. डॉक्टर तर पाण्यावरून नजर काढायला तयार नव्हते.

सूनबाई तेवढी पाण्याकडे बघत नव्हती. तिचे डोळे धक्क्याच्या टोकाला लागले होते, जिथे पलीकडे माणसं नेणारी होडी, म्हणजे तर, लागते. तिथे आता चिखल होता आणि चिखलात कलंडलेली रिकामी तर.

"येतील त्या," ती म्हणाली. "येतील."

फौजदारबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

२

बंदराच्या चौकीतला अधिकारी तरुण आणि सभ्य होता. त्याने पाणबुडे बोलावले, होड्यांना निरोप धाडले, आणि मग सगळे मुक्कामाला होते त्या जागेची मालकीणबाई त्याच्या कानाशी लागली. तिने जे सांगितलं ते फौजदारबाईंनीही आदल्या रात्री पातळ भिंतीतून ऐकलं होतं. माईचा आवाज, दबका पण ठाम: "मला मोकळं कर एकदा. तुझ्याच हातात आहे." आणि सूनबाईचं रडवेलं उत्तर: "मला नाही जमणार आई. त्यांना कळलं तर?"

"याचा अर्थ काय होतो, तुम्हीच सांगा," अधिकारी म्हणाला. त्याला बाईंची जुनी नोकरी कळली होती आणि तो त्यांच्याशी अदबीने बोलत होता. "म्हातारीला जिवाचा कंटाळा आला होता आणि सुनेने तिकडे काणाडोळा केला. किंवा त्याहून वाईट."

"किंवा आपण अर्धंच वाक्य ऐकलं," बाई म्हणाल्या. "मला थोडा वेळ द्या. चौकशी नको म्हणू, गप्पा मारते."

सूनबाई मालकीणबाईच्या बैठकीच्या खोलीत खिडकीशी बसली होती. खिडकीतून खारा वारा येत होता आणि पडदा शिडासारखा फुगून पुन्हा खाली बसत होता.

"सकाळपासून तू कुठे होतीस ग?" बाईंनी सरळ तिच्या शेजारी बसत विचारलं.

"यांच्याबरोबर किल्ला चढायला माईंना जमलं नसतं. म्हणून आम्ही दोघी खाली थांबलो. त्या समुद्राकडच्या बांधावर बसल्या होत्या. मी बाजूला, सावलीत."

"पूर्ण वेळ?"

"हो. तुम्ही सगळ्यांनी वरून पाहिलंच की."

पाहिलं होतं, खरंच. डॉक्टर तटावरून दर थोड्या वेळाने वाकून बघत, मग फोनवरचा निळा ठिपका बघत, आणि म्हणत, "आहे. बसलीये." बाईंनीही पाहिली होती ती लिंबू रंगाची शाल. करड्या बांधावर, निळ्या पाण्यापुढे, डोक्यावरून पदरासारखी घेतलेली.

"माईंना तुझा राग होता का?"

सूनबाईने चमकून वर पाहिलं. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "मावशी, मला आई नाही. त्याच आहेत मला."

"मग खरं सांग मला."

ती पुन्हा खिडकीतून बाहेर बघू लागली. तिकडेच. धक्क्याच्या टोकाकडे.

गाइड बाहेर ओट्यावर नखं खात बसला होता. त्याची नोकरी आता गेल्यात जमा होती. "मी काय लपवणार बाई? काल वखारीच्या संग्रहालयात माईंनी मला एकच गोष्ट विचारली, पलीकडे काय आहे म्हणून. मी म्हटलं, शिडं शिवायचा कारखाना. बायका शिवतात. बघण्यासारखं काही नाही. मग लगेच डॉक्टर आले, आई तू बस म्हणाले. झालं."

संग्रहालयातली ती वेळ बाईंना आठवली. सगळे तोफेभोवती जमले होते आणि माई एकटी कोपऱ्यात, टांगलेल्या जुन्या शिडाची कड उलटून मागच्या बाजूची शिवण बघत होती. बोटांनी चाचपत. एखाद्या ओळखीच्या माणसाचा हात हातात घ्यावा तशी.

"आणि सकाळी तरीची खेप होते पलीकडे?" बाईंनी विचारलं.

"भरती असेपर्यंत. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं बाई, तुमचं लक्ष नव्हतं. पाणी उतरलं की तर चिखलात झोपते. मग थेट संध्याकाळी."

३

मास्तरांनी सकाळपासून किल्ल्याच्या खालच्या बुरुजावरून बंदराचं चित्र काढलं होतं. जेवायच्या आधी त्यांनी ते सगळ्यांना दाखवलं होतं आणि बाईंनीच पहिली टर उडवली होती: "अहो, या अर्ध्या होड्यांची तोंडं समुद्राकडे आणि अर्ध्यांची गावाकडे! भांडल्यात की काय एकमेकींशी?" सगळे हसले होते. मास्तर कागद गुंडाळून बसले होते.

आता बाईंनी तो कागद खोलीतल्या टेबलावर पसरला.

"अहो, रागावला आहात?"

"छे."

"रागावला आहात. नंतर रागवा. आधी मला सांगा, या होड्या अशा का?"

मास्तरांनी चष्मा पुसला. ते शांतपणे बोलणारे गृहस्थ होते. त्यांच्या शांतपणाचा बाईंना आयुष्यभर वैताग आला होता आणि आधारही वाटला होता. "मी डावीकडून उजवीकडे रंगवतो. ओल्या रंगावर हात पडू नये म्हणून. सुरुवात केली तेव्हा भरती चालू होती. पाणी आत येत होतं, म्हणून होड्या त्याच्याकडे तोंड करून, समुद्राकडे. उजवीकडे येईपर्यंत ओहोटी लागली. सगळ्या वळल्या. मी जशा दिसल्या तशा काढल्या."

"म्हणजे हे चित्र एका क्षणाचं नाही."

"कुठलंच नसतं. ही अख्खी सकाळ आहे."

बाईंनी कागद उजेडाकडे सरकवला. डाव्या अंगाला, समुद्राकडे तोंड केलेल्या होड्यांच्या अलीकडे, बांधावर एक लिंबू रंगाचा ठिपका. एकच. शेजारी लोखंडी दिव्याचा खांब.

"ही कधी काढलीत?"

"अगदी सुरुवातीला. गाडीतून उतरून मी बसतोय तोवर ती तिथे होती. आणि सरतेशेवटी तिची सावली बदलली म्हणून पुन्हा हात फिरवला."

"शेजारी कुणी होतं? सावलीत? उंच, सडसडीत?"

"कुणी नव्हतं. असतं तर काढलं असतं की. बांधावर एकटा रंग बरा दिसत नाही, मला दुसरा हवाच होता." मास्तर थांबले. "का ग?"

बाईंनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. दोन बायका खाली थांबल्या होत्या. चित्रात सबंध सकाळ एकच होती. मग दुसरी कुठे गेली? आणि मुळात ही एक कोण?

"तुमची ती पेन्सिल घ्या," त्या उठत म्हणाल्या. "डोळा मिटून, हात लांब करून मापं घेता ती. आणि चला त्या बुरुजावर."

४

ऊन कलायला लागलं होतं. बंदरावर मधाच्या रंगाचा उजेड उतरला होता आणि त्यात सगळंच जरा दूरचं, ऐकीव वाटत होतं: पाणबुड्यांची होडी, दोरखंडांचे ढीग, चौकीच्या दारात उभे असलेले डॉक्टर. बाईंनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि बांधाकडे गेल्या. दिव्याच्या खांबाशेजारी, ज्या जागी तो लिंबू ठिपका होता, तिथे चढून बसल्या. ओढणी डोक्यावरून घेतली.

पोलिसांत लागताना उंचीच्या अटीत त्या जेमतेम बसल्या होत्या. माई आणि त्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या तर डोकी सारखीच आली असती. परवा गाडीत माईच म्हणाली होती, "आपण दोघी एका मापाच्या. माझं झंपर तुम्हाला न उसवता होईल."

वर बुरुजावर मास्तरांनी हात लांब केला, डोळा मिटला. खाली बसलेल्या बाईंना समुद्राचा वास येत होता, शेवाळाचा आणि ओल्या लाकडाचा. पायाखाली पाणी अगदी हळू, कुणाला उठवायचं नाही अशा बेताने मागे सरकत होतं. क्षणभर त्यांना वाटलं, इथे अशी एक बाई सबंध सकाळ बसून राहिली, दुसरीचं नाव अंगावर घेऊन. तिला काय वाटलं असेल?

"अगं, तू फार बुटकी पडतेस!" मास्तर वरून ओरडले. "खांबाला कडं आहे बघ, तुझं डोकं त्याच्या बरंच खाली येतंय. चित्रात ती कड्याच्याही वर आहे."

"तुमचं माप चुकलं असेल!"

"माझं?" त्यांच्या आवाजात खराखुरा अपमान होता, आणि बाईंना एवढ्यातही हसू आलं.

त्या उतरल्या आणि पायऱ्यांकडे गेल्या. चपला जिथे सापडल्या ती पायरी त्यांनी वाकून पाहिली. शेवाळाचा हिरवा पट्टा त्या पायरीच्या वर होता. म्हणजे भरतीला ही पायरी पाण्याखाली. चपला मात्र कोरड्या ठणठणीत होत्या, शालही कोरडी. त्या इथे ठेवल्या गेल्या पाणी उतरल्यावर. आणि तेव्हा पायऱ्यांच्या तळाशी घोटाभर पाणी आणि चिखल, दुसरं काही नाही. घोटाभर पाण्यात, भर दुपारी, कोण बुडेल?

शिवाय घडी. जीव द्यायला निघालेलं माणूस शाल सोडून देईल. फोन आत ठेवून चौकोनी घडी कोण घालतं? जो कुणासाठी तरी वस्तू तयार ठेवतो तो. आंघोळीहून येणाऱ्या माणसासाठी कपडे काढून ठेवावेत तशी.

बाईंनी मान वर करून पलीकडच्या किनाऱ्याकडे पाहिलं. धुकं निवळलं होतं. एका लांबट इमारतीच्या दारांतून काहीतरी पांढरं, खूप मोठं, वाऱ्यावर हलत होतं.

५

त्यांनी अधिकाऱ्याला आणि डॉक्टरांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. सूनबाई खिडकीशी होती तशीच होती. गाइड दाराला टेकून उभा राहिला.

"डॉक्टर, आधी एक ऐका," बाई म्हणाल्या. "माझ्या हिशेबाने तुमची आई पाण्यात पडलेलीच नाही."

डॉक्टर खुर्चीचा हात धरून उभे राहिले.

"सकाळभर तुम्ही, मी, आपण सगळ्यांनी बांधावर शाल पाहिली. माई पाहिलीच नाही. शालीत बसलेली बाई दिव्याच्या कड्यापेक्षा उंच होती. माई माझ्याएवढी आहे आणि माझं डोकं तिथवर पोचत नाही, आम्ही मोजून पाहिलं. शेजारी दुसरं कुणी नव्हतं, मास्तरांनी सकाळभर एकच बाई बघितली. फोन शालीत होता, म्हणून तुमचा ठिपका हलला नाही. मग बांधावर कोण होतं? खाली दोघीच थांबल्या होत्या."

डॉक्टरांनी सावकाश बायकोकडे मान वळवली.

"तू?"

"गाडीतून उतरल्या उतरल्या माई तरीत बसली," बाई पुढे म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज मऊ झाला होता. "भरती होती, तरीच्या खेपा चालू होत्या. तिने शाल, फोन आणि त्या चपला हिच्याकडे दिल्या. ठरलं असणार, की जेवायच्या आत परत यायचं, पायऱ्यांवर शाल घ्यायची, चपला घालायच्या, कुणाला पत्ता लागायचा नाही. पाणी उतरल्यावर हिने सगळं पायऱ्यांवर मांडून ठेवलं आणि वाट बघितली. एक गोष्ट दोघींच्याही लक्षात राहिली नव्हती. ओहोटीला तरीची खेप होत नाही. म्हणून दुपारपासून ही पाण्याकडे बघत नाही, तरीच्या धक्क्याकडे बघते आहे. खरं की नाही, बाळ?"

सूनबाईने चेहरा ओंजळीत घेतला.

"मला शपथ घातली होती त्यांनी," ती हुंदक्यांतून बोलू लागली. "म्हणाल्या, एक सकाळ मला मोकळं कर, फक्त एक. कुणाच्या नजरेत नसलेली. मी नाही म्हणत होते. मग त्या म्हणाल्या, तुझ्याशिवाय कुणाला मागू? मला वाटलं पुढच्या खेपेला येतील. मग पाणबुडे आले, हे रडायला लागले, आणि मला वाटलं, आत्ता सांगितलं आणि तिकडेच त्यांचं काही बरंवाईट झालं असेल तर? माझी जीभच उचलेना."

"पलीकडे आहे काय?" डॉक्टर ओरडले. "कोण आहे तिचं तिकडे?"

"शिडं शिवतात," दारातून गाइड हलक्या आवाजात म्हणाला.

डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले. मग खाली बसले.

"तुमच्या घरी शिवणयंत्र होतं?" बाईंनी विचारलं.

"होतं. तिचं दुकान होतं. त्याच्यावरच मी शिकलो." ते एकेक शब्द शोधत बोलत होते. "माझा दवाखाना चालायला लागल्यावर मी ते देऊन टाकलं. म्हटलं, आता पुरे. आता तू बस." ते थांबले. "ती काही बोलली नव्हती. मला वाटलं, खूश झाली."

गाइड कारखान्याला फोन लावत होता. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. "यंत्रांच्या आवाजात त्यांना ऐकू येत नाही," तो म्हणाला, पण त्याच्याही कपाळावर घाम होता.

"ती डोळ्यांना दिसेपर्यंत मी पाणबुडे थांबवणार नाही," अधिकारी म्हणाला. आणि ते बरोबरच होतं. तर्क कितीही चोख असला तरी तो तर्कच.

६

तर निघाली तेव्हा सूर्य पाण्याला टेकत होता. भरती पुन्हा आत येत होती आणि सगळ्या होड्यांनी एकेक करत, जणू कुणी हाक मारली म्हणून, समुद्राकडे तोंडं फिरवली होती. पाण्याचा रंग आधी तांब्याचा झाला, मग वांग्याच्या सालीचा. डॉक्टर पुढच्या टोकाला उभे होते. सूनबाई मागे, अंग चोरून. मधे किती अंतर होतं ते बाईंनी बघितलं आणि मास्तरांचा हात धरला.

कारखाना म्हणजे एक प्रचंड लांब दालन होतं, खांब नसलेलं, आणि जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरं कापड पसरलेलं. बायका त्यावर अनवाणी चालत होत्या. यंत्रं जमिनीत खळगे करून बसवलेली, म्हणजे शिवणारीचं फक्त कमरेच्या वरचं अंग दिसे. दुधाच्या तळ्यात उभ्या असाव्यात तशा त्या दिसत होत्या. खडखडाट इतका, की आलेल्यांची कुणाला चाहूलही लागली नाही.

डॉक्टरांनी माईला आधी ओळखलंच नाही. पाठमोरी, केस वर बांधलेले, तोंडात टाचण्या, दोन्ही हातांनी जाड कापड सुईखाली रेटणारी ती बाई त्यांच्या ओळखीची नव्हती. मग तिने मान कलती केली, आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटायच्या आधी डोळ्यांतून पाणी आलं.

माईने त्यांना पाहिलं. ती दचकली नाही. टाचण्या काढून मनगटाच्या उशीत खोचल्या आणि म्हणाली, "थांब, एवढी शिवण होऊ दे. मधे सोडली तर ताण बिघडतो."

डॉक्टर थांबले. आईने त्यांना थांबवायची ही कितीतरी वर्षांतली पहिली वेळ असावी.

"अहो, नुसते उभे काय राहताय?" एक दांडगी बाई त्यांच्या अंगावर खेकसली. "ते टोक धरा! खाली पडतंय!"

त्यांनी ते टोक धरलं. इस्त्रीच्या शर्टात, दात तपासायच्या नाजूक बोटांनी, दोन्ही मुठींत. कापड जड होतं. शिवण पुढे सरकली तसे ते एकेक पाऊल मागे सरकत गेले.

यंत्र थांबलं तेव्हा ते म्हणाले, "मला वाटलं तू गेलीस."

माईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "गेले म्हणजे? अरे, तर आली नाही म्हणून अडकले. सूनबाईने सांगितलं नाही?"

"तू शपथ घातली होतीस तिला. पाण्यात माणसं शोधतायत तुला, दुपारपासून."

माई खळग्याच्या कडेला टेकली. "देवा," ती म्हणाली. "आणि मी इथे पाणी कधी उतरलं तेही बघितलं नाही रे. यांनी विचारलं, येतं का शिवायला? म्हटलं, बघू दे जरा. बसले ती बसलेच." तिने दाराशी घुटमळणाऱ्या सुनेला हाताने जवळ बोलावलं आणि तिचं डोकं आपल्या खांद्याशी ओढलं. "चुकलंच माझं. हिच्यावर नको ओरडूस. ओरडायचं तर माझ्यावर ओरड."

"मला का नाही सांगितलंस आई? मी नाही म्हटलं असतं का?"

"नसतं म्हटलंस. तू बरोबर आला असतास."

डॉक्टरांनी मुठीतल्या कापडाची कड सारखी केली.

"मी तुझं इतकं वाईट केलं का?"

"वाईट कुठलं? तुझ्यासारखा मुलगा लाखात मिळायचा नाही. पण दिवसभर कुणीतरी आपल्याकडे बघतंय म्हटलं, की माणसाला आजारीच वाटायला लागतं रे." तिने कापडावरून हात फिरवला. "हे शीड उद्या पूर्ण होईल. या बायका म्हणतात, वरच्या खोलीत झोपायची सोय आहे."

गाइडने अधिकाऱ्याला फोन केला. बाहेर तरीचा भोंगा वाजला. डॉक्टरांनी तोंड उघडलं. बाईंना स्पष्ट दिसलं, त्यांच्या ओठांवर रात्रीच्या औषधाच्या गोळ्या आल्या, गार वारा आला, माडीचा जिना आला. ते सगळं त्यांनी गिळलं. मुठीतलं कापड सोडून दुमडून ठेवलं.

"उद्या ये मग," ते म्हणाले. "सकाळच्या तरीने. की दुपारच्या?"

"भरती बघून येईन," माई म्हणाली, आणि सुईत दोरा ओवू लागली.

परतताना पाण्यावर अंधार उतरत होता आणि दोन्ही किनाऱ्यांवर दिवे लागत होते. डॉक्टर आणि सूनबाई एकाच फळीवर बसले. बरंच पुढे आल्यावर त्यांनी विचारलं, "एवढ्या उन्हात बसून होतीस? पाणी तरी प्यायलीस का?" ती नाही म्हणाली, आणि त्यांनी आपली बाटली तिच्या हातात दिली.

डॉक्टरांची मान ताठ होती. मागे वळून बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि ते किती जड जात होतं ते मानेच्या शिरांवरून कळत होतं. शेवटी त्यांना राहवेना.

"बाई," ते पुढे बघतच म्हणाले, "तुमचं तोंड तिकडे आहे. दारात उभी आहे का हो ती? बघतेय का आपल्याकडे?"

फौजदारबाईंनी पाहिलं. कारखान्याचं लांब दार उजेडाने भरलेलं होतं, आणि दारात कुणी नव्हतं. त्यांनी जन्मभर साक्षीच्या पिंजऱ्यात खरं सांगितलं होतं. आज खोटं सांगितलं असतं तर कुणी त्यांना दोष दिला नसता.

"नाही," त्या म्हणाल्या. "ती आतच आहे."

आता मागे वळून बघायचं कारण उरलं नव्हतं. डॉक्टरांनी दीर्घ श्वास सोडला, आणि त्यांचे खांदे सैल होऊन खाली आले.